हळदी रंगाचा रुमाल

सुरेखानं ते गाणं मला म्हणून दाखवलं तेव्हा मी अंगणात पंचमीच्या लाह्या चाळत होते. तिसऱ्या कडव्यात कडूबाचं नाव आलं आणि मी चाळणी खाली आपटली. अर्ध्या लाह्या मातीत गेल्या.

"हे गाणं फेरात येणार न्हाई," मी म्हणाले.

"कामून न्हाई येणार, बाई? खरं हाय म्हणून?"

सुरेखा मला बाई म्हणते, कारण ती आणि तिचा धाकटा भाऊ अंगद दोघंही माझ्या अंगणवाडीत होते. ती पाटीवर रेघोट्या ओढायची आणि तो दुसऱ्याच्या ताटलीतली खिचडी खायचा. पुढे सुरेखाला वाटूरला दिली. अंगद घरची शेती बघायला राहिला आणि मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात गेला. गेल्या पंचमीला त्या घरात सण नव्हता, म्हणून सुरेखा आली नाही. यंदा आली ती हे गाणं घेऊन.

गाणं चांगलं होतं हे कबूल करते. रडक्या गाण्यांची मला चीड आहे. रडायचं असेल तर सरळ रडावं, त्याला चाल लावत बसू नये, असं माझं मत. पण पहिल्या दोन कडव्यांना माझा हात चाळणीवरच थांबला होता. पहिलं कडवं असं होतं:

*पंचमीला आले गं, येष्टीतून उतरले,*
*पिशवी घ्याया कोणी न्हाई, तवा मला कळले.*

दरवर्षी अंगद तिला आणायला फाट्यावर जायचा आणि पिशवी उचलताना "दगडं भरून आणले का गं" असं दरवर्षी तेच म्हणायचा. सगळ्या गावाला ते पाठ होतं. दुसऱ्या कडव्यात तुरीचं शेत होतं, तुटलेली तार होती. आणि तिसऱ्यात सरळ होतं, 'कडूबाच्या हातानं गं भाऊ माझा गेला.'

आमचं गाव टेंभुर्णीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. पंचमीला लेकी माहेरी येतात, वारुळाला लाह्या-दूध वाहतात आणि मग मारुतीच्या मागच्या मोकळ्या जागेत बायकांचा फेर धरतात. तिथं गाणं मी उचलते, म्हणजे पहिली ओळ माझी. लोक याला मान म्हणतात, मी डोकेदुखी म्हणते. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. मोबाईलवरचं गाणं चार दिवसांत जुनं होतं, फेरातलं होत नाही. लेकी ते सासरी नेतात, भोकरदनला, वाटूरला, कुठं कुठं. माझ्या लहानपणी अशीच एक छळवादी सासू नावासकट गाण्यात गेली. ती मेली, तिची नातवंडं म्हातारी झाली, तरी त्या घरात मुलगी द्यायची म्हटलं की कुणीतरी ते गाणं गुणगुणतंच. कडूबाचं नाव असं जाऊ द्यायला मी तयार नव्हते.

आता झालं काय होतं ते सांगते. अंगदच्या शेताकडच्या शिवारात चार-पाच घरांत मिळून एक डीपी आहे, मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. लाईनमन एकटा आणि गावं ढीगभर, म्हणून किरकोळ बिघाड गडीमाणसं स्वतःच काढतात. डीपीच्या खांबावरचं हँडल खाली ओढलं की लाईन बंद होते. ज्यानं बंद केली तो आपला डोक्याला गुंडाळायचा रुमाल हँडलाला बांधतो आणि कामाला जातो. रुमाल दिसला की समजायचं, माणूस तारेवर आहे. त्यानं स्वतः येऊन रुमाल सोडेपर्यंत दुसऱ्यानं हँडलाला हात लावायचा नाही. गड्यांनी बांधावर बसून आपसात ठरवलेला हा नियम. अंगद जाईपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या दिवशी तुरीपलीकडे तार तुटली होती. अंगदनं हँडल ओढलं आणि आपला हळदी रंगाचा रुमाल त्याला बांधला. शेजारच्या हरिओमनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग अंगद तुरीतून पलीकडच्या खांबाकडे गेला. तुरी डोक्याच्या वर गेलेल्या, त्यामुळे तो इकडून दिसत नव्हता. थोड्या वेळानं कडूबा गव्हाला पाणी द्यायला आला, मोटार बंद दिसली, डीपीवर गेला आणि हँडल वर केलं.

कडूबा म्हणाला, रुमाल नव्हता. हरिओम म्हणाला, होता. रुमाल काही सापडला नाही. डीपीखाली नाही, तुरीत नाही, अंगदच्या अंगावर नाही. पोलिसांनी अपघात लिहिला आणि ते गेले. गावानं मात्र आपला निकाल लावला, की कडूबानं घाईत न बघता हँडल वर केलं आणि मग भीतीनं रुमाल नाहीसा केला. तेव्हापासून त्याच्याजवळ कुणी बसत नाही. अंगदच्या बापानं, बद्रीनाथनं, दोन्ही घरांच्या वापराच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकले. कडूबाला बायको नाही, एक मुलगी, अर्पिता. ती भोकरदनला कॉलेजात होती. बाप जेवत नाही म्हणून ती परत आली.

मी सुरेखाशी तासभर घासाघीस केली. शेवटी म्हणाले, "नाव काढ. नाव ठेवलं त म्या गाणं उचलणार न्हाई. त्याच्या जागी पाहिजे त नुसता सवाल टाक. रुमाल कोणी सोडला, एवढंच. ज्याचं त्याला कळंल."

मग तिनं तिथंच चालीत बसवून म्हटलं:

*हळदीच्या रंगाचा रुमाल बांधिला,*
*सांगा गं बायांनो, कोणी गं सोडिला?*

मला आनंद झाला. तासभर अडून बसलेली पोरगी हे लगेच ऐकते म्हणजे आपल्या शब्दाला वजन आहे, असंही वाटलं. ती इतक्या लवकर का ऐकते, हा विचार तेव्हाच करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती, भावाच्या उपासाचा दिवस. दुपारी पुष्पाबाई आली. ही सुरेखाची आई. डोक्यावर गवताचा भारा होता. तो माझ्या ओट्यावर टेकवला आणि चुंबळ मांडीवर घेऊन ती खाली बसली. चुंबळ म्हणजे डोक्यावर ओझं टेकवायला केलेली कापडाची गुंडाळी. आम्हा सगळ्यांची फाटक्या लुगड्याची असते, सुटली की पुन्हा गुंडाळायची. पुष्पाबाईची मात्र वरून हिरवं कापड लावून दाट शिवलेली होती. अंगद गेल्यापासून ती तिला हातावेगळी करत नसे. दुःखात माणूस कशालाही धरून बसतं, म्हणून मी कधी काही विचारलं नाही.

"गिरिजाबाई, सुरीचं गाणं घेऊ नका," ती म्हणाली.

"नाव काढलं आता. नुसता सवाल हाय."

"काय सवाल?"

मी दोन ओळी म्हणून दाखवल्या.

"हे त नावाहून वाईट झालं," ती हळूच म्हणाली.

मला राग आला. नाव ठेवलं तरी वाईट, काढलं तरी वाईट. "मंग लेकीला सांगा ना. माझ्या दारात कामून आल्या?"

"ती बोलती का माझ्याशी? म्या कडूबाला शिव्या देत न्हाई, म्हणून ती म्हणती तुला तुझ्या पोराचं काही पडलं न्हाई." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "गाणं न्हाई घेतलं त काय होईल, गिरिजाबाई?"

"म्या न्हाई घेतलं त ती उचलील, नावासकट. पोरींनी आत्ताच पाठ केलं हाय."

हे खरं होतं. आदल्या संध्याकाळीच सगळ्या माहेरवाशिणींच्या मोबाईलवर ते गाणं फिरत होतं.

ती उठली. भारा डोक्यावर द्यायला मी हात लावला तशी चुंबळ घरंगळून खाली पडली. पुष्पाबाईनं भारा तसाच सोडला आणि झडप घालून आधी चुंबळ उचलली. मी दचकले. पण माझं डोकं तिच्या मघाच्या शब्दांत अडकलं होतं. सवाल नावाहून वाईट कसा?

ती गेल्यावर लाह्या भरता भरता माझ्या लक्षात आलं, आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या. आमच्या फेरात सवाल आला की उत्तर फिरतं. प्रत्येकीनं आपल्या भावाचं नाव घेऊन उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांनी तिची ओळ मागून उचलायची. एरवी सवाल असतो की साडी कोणी आणली, झोका कोणी बांधला. भाऊ नसेल तिनं बापाचं नाव घ्यायचं. अर्पिताला भाऊ नव्हता. म्हणजे तिला भर फेरात म्हणावं लागणार होतं, माझ्या कडूबानं न्हाई सोडिला. आणि तिची ओळ कुणी उचलली नाही, तर तो साऱ्या गावाचा निकाल. फेरात पडलेली ओळ पुन्हा उठत नाही.

मी तशीच सुरेखाकडे गेले. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे पडलेले. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"गेलेल्या भावाचा उपास धरत न्हाईत," मी म्हणाले.

"माझा भाऊ हाय, म्या धरला."

"कडवं बदल, सुरे. अर्पिताला त्यात कामून ओढते? तिनं काय केलं?"

"तुमीच सांगितलं, बाई, सवाल टाक म्हणून." ती शांतपणे बोलत होती आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "घेऊ द्या तिला बापाचं नाव. चारचौघीत घेऊन दाखवू द्या. कडूबानं एकदा म्हणलं असतं, चुकलं माझं, दिसला न्हाई मला रुमाल, त म्या गप बसले असते. चूक कोणाचीबी होते. पण रुमाल नव्हताच म्हणतो. म्हणजे माझा भाऊ येडा व्हता, रुमाल न बांधता तारेला हात घालायला?"

तिचा भाऊ गेला तो गेला, वर लोकांनी त्याला निष्काळजी म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. ते हवंसं वाटण्यात तिची काही चूक नव्हती.

तिथून मी कडूबाच्या घरी गेले. कुणी बघेल याची पर्वा केली नाही. तो दारात बसून मोटेच्या जुन्या दोराच्या गाठी सोडवत होता. तो दोर आता कशाच्याच कामाचा नव्हता. अर्पिता आत पीठ मळत होती.

"उद्या पोरीला फेरात धाडू नको," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

"न्हाई बाई. न्हाई आली त म्हणतील, कडूबानं कबूल केलं. जाईल ती."

"अन् तिची ओळ कोणी न्हाई उचलली मंग?"

"मंग आमी इथं राहत न्हाई. पोरीला घेऊन जातो कुठं बी." त्यानं दोर बाजूला ठेवला. "बाई, तुमाला एक सांगू? रुमाल नव्हता. असता त म्या हात लावला असता का? अंगद माझ्या खांद्यावर खेळलेला पोरगा. पण लोकांनी इतक्या बार म्हणलं, इतक्या बार म्हणलं, की आता डोळे मिटले की मला बी हँडलाला रुमाल दिसून राह्यला. होता का काय, असं वाटतं. म्या येडा होईल, बाई."

अर्पिता पिठाचे हात घेऊन दारात आली. "म्या घेईन नाव," ती म्हणाली. "कोणी उचलो न्हाईतर न उचलो."

पंचमी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरत नाहीत, कापत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. नागाला इजा होईल म्हणून विळी, कात्री, खुरपं सगळं बाजूला. दुपारी बायका वारुळाला जाऊन आल्या. पुष्पाबाई डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लाह्यांची टोपली अशी सगळ्यांच्या मागून चालत होती. अंगद गेल्यापासून ती अशा ठिकाणी पहिल्यांदाच दिसत होती.

फेर धरला तेव्हा ऊन कलतं होतं. अर्पिता आली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका सरकल्या. तिचा हात धरायला कुणी तयार होईना. शेवटी म्हाताऱ्या झुंबरबाईनं धरला, तोही तिला नीट दिसत नाही म्हणून. पुष्पाबाई दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. टोपली खाली ठेवलेली, चुंबळ काखेत. मला वाटलं, बाई फार मोठ्या मनाची आहे.

मी मधे उभी राहून दोन गाणी घेतली, मुद्दाम लांबवली. मग सुरेखाचं गाणं उचलून दिलं आणि ती पुढे झाली. उपासानं तिचा आवाज बारीक झाला होता, पण फुटत नव्हता. पहिल्या कडव्याला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्याला टाळ्या हळू झाल्या. मग सवाल आला.

*हळदीच्या रंगाचा रुमाल बांधिला,*
*सांगा गं बायांनो, कोणी गं सोडिला?*

सुरेखाच्या शेजारणीनं उत्तर दिलं, "माझ्या कल्याणनं गं न्हाई सोडिला." फेरानं उचललं, न्हाई सोडिला गं, न्हाई सोडिला. पुढचीनं आर्यनचं नाव घेतलं. हरिओमच्या बहिणीनं हरिओमचं घेतलं, जरा जास्तच जोरात. पावलं पडत होती, टाळी पडत होती, उत्तर एकेका बाईवरून अर्पिताकडे सरकत होतं. मला ते थांबवायचं होतं. पण उचललेलं गाणं अर्धं टाकत नाहीत. टाकलं तर ज्याच्या नावाचं ते गाणं, त्याच्या जिवाला लागतं म्हणतात. अंगदचा जीव तर आता कुठं होता कोण जाणे. तरी कुणाची हिंमत होईना, माझीसुद्धा.

झुंबरबाईनं आपल्या कधीच्या मेलेल्या भावाचं नाव घेतलं. फेरानं उचललं. आता अर्पिता.

"माझ्या कडूबानं गं न्हाई सोडिला."

कुणी उचललं नाही. टाळी थांबली, पावलं थांबली. माहेरवाशिणी एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. सुरेखा सरळ अर्पिताकडे बघत होती. अर्पिताचा चेहरा पांढरा पडला, पण तिनं मान खाली घातली नाही. ती पुन्हा म्हणाली, "माझ्या कडूबानं गं न्हाई सोडिला."

गाणं उचलणारीनं मागची ओळ घ्यायची नसते. तरी मी तोंड उघडलं, होऊ दे काय व्हायचं ते म्हणून. पण माझ्याआधी दुसराच आवाज आला, घोगरा आणि बेसूर.

"न्हाई सोडिला गं, न्हाई सोडिला."

पुष्पाबाई होती.

"आये," सुरेखा म्हणाली. "तू कामून उचलते?"

पुष्पाबाईनं तिच्याकडे बघितलं नाही. आता उत्तर तिच्यावर आलं होतं, आणि तिनं ते दिलं. चालीत बसवायचा तिनं प्रयत्न केला, पण ते बसत नव्हतं.

"भारा बांधिला गं, चुंबळ घरी राहिली. आईनं सोडिला गं, आईनं सोडिला."

मग ती मातीत खाली बसली आणि चुंबळीचे टाके उसवू लागली. दाट शिवण होती, नखांना येईना. कुणीतरी कात्री आणते म्हणालं. झुंबरबाईनं अडवलं, "आज पंचमी हाय, कापू नका." पुष्पाबाईनं टाका दातात धरला आणि तोडला. मग दुसरा. आम्ही सगळ्या उभ्या राहून तिच्याकडे बघत होतो. हिरवं कापड गळून पडलं. आतून हळदी रंग दिसू लागला, वरून मळका, आतल्या घडीत अजून ताजा.

"भाकर देऊन परत चालल्ते," ती म्हणाली. आता ती नुसती बोलत होती. "गवताचा भारा बांधला अन् पाहते त चुंबळ घरीच. डीपीला ह्याचा रुमाल दिसला. मला वाटलं, विसरला. येष्टीत विसरायचा, विहिरीवर विसरायचा, जलमभर ह्याचे रुमाल म्याच उचलले. म्हणलं, कामाला येईल. सोडला, गुंडाळला अन् भारा डोक्यावर घेतला. मला काय माहीत गड्यांचा नेम. मला कोणी सांगितलं?"

कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या एकाही बाईला.

"घरी येऊन भारा टाकला, तेवढ्यात बोंब उठली," ती पुढे म्हणाली. "मंग सगळे विचारायला लागले, रुमाल कुठं हाय, रुमाल कुठं हाय. अन् म्या डोक्याला हात लावला त चुंबळ डोक्यावरच व्हती."

सुरेखा तिच्यासमोर येऊन बसली. "दीड वर्ष, आये. दीड वर्ष कामून न्हाई बोलली?"

"तुझ्या बापाचं तोंड पाहिलं. तुझं पाहिलं. लोकांनी कडूबाचं नाव घेतलं अन् म्या गप राह्यले. आज बोलू, उद्या बोलू, असं करून राह्यले. मंग बोलायची जागाच राहिली न्हाई." तिनं अर्पिताकडे वर बघितलं. "पोरी, तुझ्या बापाला सांग, त्याला जे दिसलं तेच खरं व्हतं. रुमाल नव्हता."

अर्पितानं तोंडावर पदर दाबून धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

पण गाणं अजून तिथंच लटकलं होतं. आईनं सोडिला, ही ओळ फेरात आली होती आणि ती कुणीतरी उचलायची होती. उचलली की ती गाण्यात जाणार, आणि उद्याच्या एसटीनं गावोगाव निघणार. नाही उचलली तर गाणं अर्धं. बायका माझ्याकडे बघू लागल्या. एवढी वर्षं गाणं उचलते म्हणून मिरवते, आणि ऐन वेळेला माझ्या तोंडून शब्द निघेना. सुरेखा त्या रुमालाकडे बघत होती. ती उचलणार नव्हती, हे उघड होतं.

आणि अर्पितानं उचललं. तिचा आवाज रडण्यानं तुटत होता.

"वाऱ्यानं सोडिला गं, वाऱ्यानं सोडिला."

खरं सांगते, मला पहिल्यांदा तिचा रागच आला. तुझ्या बापाला येडं व्हायची पाळी आली, तुझं कॉलेज गेलं, आणि तू इतक्या स्वस्तात सोडतेस? पण झुंबरबाईनं टाळी दिली. मग दुसरीनं दिली. मग अख्खा फेर ओरडून म्हणायला लागला, वाऱ्यानं सोडिला गं, वाऱ्यानं सोडिला, आणि मीही म्हणायला लागले. मला रडक्या गाण्यांची चीड आहे, हे मघाशी सांगितलंच. तरी त्या दिवशी मी गाता गाता रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

अंधार पडायच्या आत गावभर झालं. बद्रीनाथनं वाटेवरचे काटे उचलले आणि मग कडूबाच्या दारात जाऊन बसला. दोघं काय बोलले कुणाला माहीत नाही. बहुतेक बोललेच नसतील. पुढच्या आठवड्यात मी गावातल्या सगळ्या बायकांना अंगणवाडीत बोलावलं आणि कडूबाला उभा करून त्याच्याच तोंडून हँडल, रुमाल, सगळं सांगायला लावलं. बघायला जमलेले गडी हसले. मी त्यांना बाहेर काढलं.

गाणं आता वाटूरला म्हणतात, भोकरदनला म्हणतात, वाऱ्याच्या ओळीसकट. पण मला जास्त आठवतं ते पंचमीच्या दुसऱ्या दिवशीचं. सुरेखा परत निघाली होती आणि मीही बैठकीसाठी टेंभुर्णीला जायला फाट्याकडे चालले होते. सुरेखा पुढं चालत होती. रात्रभर ती आईशी एक शब्द बोलली नव्हती. मागून पुष्पाबाई तिची पिशवी डोक्यावर घेऊन चालत होती, नुसत्या डोक्यावर, चुंबळीविना. पिशवी जड होती. ती मधे मधे थांबून मान चोळत होती.

फाट्याच्या थोडं अलीकडे सुरेखा थांबली. मागं वळली, आईच्या डोक्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली. पिशवीत हात घालून, आदल्या दिवशी फेरातून तिनं उचलून नेलेला तो हळदी रंगाचा रुमाल काढला, दोन्ही हातांनी पीळ देऊन गोल गुंडाळला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. मग पिशवी उचलून त्याच्यावर ठेवली.

एसटी आली. सुरेखानं पिशवी घेतली, रुमाल घेतला नाही.